मी पडद्याकडे, हे आभाळाकडे

माझ्या निवृत्तीला शाळेनं शाल-श्रीफळ दिलं आणि लेकीनं पुण्याहून ड्रोन पाठवला. सोबत चिठ्ठी होती: आई, आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिलीस, आता जरा वर जाऊन बघ. आमच्या ह्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, खोका हलवून पाहिला आणि म्हणाले, "पोट्टी मायले वर पाठवून राह्यली, आन् तू हासून राह्यली?"

मी हसतच होते. गणिताची बाई म्हणून माझी ख्याती अशी होती की मी व्हरांड्यात दिसले की वर्ग आपोआप गप्प व्हायचे. त्या बाईच्या तळहातावर आता हे चार पंखांचं, अडीचशे ग्रॅमच्या आतलं, करड्या रंगाचं खेळणं बसलं होतं. मला तो त्याच क्षणी, तिथंच अंगणात उडवायचा होता. पोळ्या व्हायच्या होत्या, त्या राहिल्या असत्या तरी चाललं असतं.

"आंगणात नाई," हे म्हणाले. "वर लिंबाचं झाड, बाजूले सर्व्हिस लाइन. आधी पुस्तक वाच."

आमचे हे वीज खात्यात लाइनमन होते. वडनेर, सेलू, शेवटी देवळी, जिथं बदली झाली तिथले खांब ह्यांना तोंडपाठ. माझ्या तीन वर्षं आधी निवृत्त झाले आणि खांबावरून उतरलेला हा माणूस ओसरीतल्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी समोरच्या खांबावरच्या ढिल्या जंपरवर, म्हणजे तारांच्या जोडणीवर, टीका. फिरायला चला म्हटलं तर "कायले?" देवळात चला म्हटलं तर "कायले?" मला त्या खुर्चीचा इतका राग यायचा की एकदा मी ती भंगारवाल्याला द्यायला निघाले होते. माणूस घरात होता आणि मला त्याची आठवण येत होती, असं काहीसं झालं होतं.

तर त्या माणसानं चार दिवस मला ड्रोनला हात लावू दिला नाही. पुस्तक इंग्रजीत, म्हणून मी मोठ्यानं वाचून अर्थ सांगायचा आणि ह्यांनी एका दोनशेपानी वहीत उतरवून घ्यायचं. पंखांच्या कडा बोटानं तपासायच्या, तडा दिसला तर पंखा बदलायचा. फोनची बॅटरीही भरलेली हवी, नुसती ड्रोनची नाही. उपग्रह सापडल्याशिवाय आणि 'घर नोंदवलं' असं मशीननं सांगितल्याशिवाय वर सोडायचं नाही. माणसं, गुरं, रस्ता यांच्यावरून न्यायचं नाही. बॅटरी तिसऱ्या हिश्श्यावर आली की परत. परवानगीचा नकाशा रोज उघडून बघायचा. पुलगावच्या बाजूला तर नावच काढू नको, तिकडं लष्कराचं दारूगोळा कोठार, नकाशावर सगळं लाल, म्हणजे बंदी. काही उमजेनासं झालं तर रिमोटच्या दांड्यांवरचे दोन्ही अंगठे सोडून द्यायचे, तो आहे तिथं हवेत थांबतो. हे वाक्य ह्यांना फार आवडलं. "माणसायले बी असं पाहिजे होतं," म्हणाले.

पुस्तकात नसलेल्या गोष्टीही ह्यांनी लिहिल्या. तार फोनच्या पडद्यावर दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरून चालायचं. आणि सगळ्यात वर, पानाच्या डोक्यावर, दोनदा अधोरेखित करून: डोळ्यांना दिसला नाही तर उडवायचा नाही.

त्या एका ओळीनं आमची कामं वाटली गेली. मला जवळचा चष्मा. पडद्यावरचे आकडे बघायला तो लावला की आभाळ म्हणजे नुसता धुरकट कागद. ह्यांची दूरची नजर मात्र साऱ्या खात्यात नावाजलेली. चालत्या एसटीतून खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर ओळखायचे. तेव्हा मी पडद्याकडे बघायचं, ह्यांनी आभाळाकडे. पुस्तकात अशा माणसाला निरीक्षक म्हटलं होतं. ह्यांनी तो शब्द वहीत लिहिला आणि त्यापुढं स्वतःची सही केली.

पहिलं उड्डाण माझ्या भावाच्या वावरात झालं. देवळीपासून स्कूटीवर दहा मिनिटं, भोवती कपाशी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकही झाड नाही. हे पुढं गेले, एका बोंडातून चिमूटभर कापूस ओढला, डोक्याच्या वर धरून सोडला. कापूस सरळ पायाशी पडला. "हवा नाई. सोड."

मी सोडला. काय सांगू? जणू मीच वर चालले होते. पडद्यावर आधी आमच्या चपला दिसल्या, मग आमची डोकी, मग ह्यांचं टक्कल उन्हात चकाकताना, मग कपाशीच्या ओळी, विहीर, भावाचा टिनाचा कोठा, आणि पलीकडं देवळीचं पाण्याचं टाकं! ज्या गावात मी सायकलीवरून, पायी, एसटीनं जन्मभर ये-जा केली, ते गाव माझ्या दोन अंगठ्यांखाली होतं. मी "अगं बाई, अगं बाई" असं ओरडत जागच्या जागी उड्या मारल्या. साठीला टेकलेली बाई, साडी, पायात बूट. शेजारच्या वावरातला कास्तकार फवारणी थांबवून बघत राहिला.

"उड्या कायले मारतं? अंगठा हालते तुहा," हे ओरडले. पण तेही हसत होते. पुष्कळ दिवसांनी दात दिसले.

मग आमचं वेडच सुरू झालं. बुधवारी आणि रविवारी दुपारी तीनला हे स्वतःहून तयार होऊन फाटकाशी उभे. बूट घातलेले, टोपी, गळ्यात शिट्टी. खुर्ची रिकामी. मी चहा ठेवू लागले तर म्हणायचे, "चहा तिकडून आल्यावर. उजेड चालला." मी तो चहा कितीदा आनंदानं टाकून दिला असेल!

त्या हिवाळ्यातच एकदा घार मागं लागली. मी घाबरून खाली आणायला लागले तर हे शिट्टी फुंकत किंचाळले, "खाली नाई! वर घे, वर! ते वरून झपटते, तिच्या वर जाय!" मी वर घेतला, घार कंटाळून निघून गेली आणि आम्ही दोघं धुऱ्यावर बसून धापा टाकत हसलो. दुसऱ्या दिवशी हेच जावई-मित्र-शेजारी सगळ्यांना फोनवरून सांगत होते, घार केवढी होती ते. प्रत्येक फोनला ती वाढत होती.

कोणाच्याही डोक्यावरून उडवायचं नाही म्हणजे नाही. सेलूच्या नात्यातल्या लग्नात वरातीवरून फिरवा म्हणून गळ घातली, तर हे म्हणाले, "पंखा हाय तो, नवरदेवाच्या फेट्यात गेला तं फेटा बी जाईन आन् नवरदेव बी." ते लोक महिनाभर रुसले. शेजारच्या कास्तकाराला त्याच्या बैलांचा फोटो हवा होता. "बैल बिचकन. तूच खाली उभा राहून काढ." "विमानवाले झाले तुम्ही आता," तो म्हणाला. ह्यांना त्याचा राग यायला हवा होता, पण घरी येईपर्यंत खुशीत शीळ घालत होते.

परत येण्याची उंची ठरवायला तर हे एका रविवारी वावरापलीकडच्या मोठ्या टॉवरलाइनखाली जाऊन, मान मोडेपर्यंत वर बघत उभे राहिले. ड्रोनच्या रिमोटवर घराच्या चित्राचं एक बटण असतं. ते दाबलं की तो आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ निघाल्या जागी परत येतो. ती उंची टॉवरपेक्षा जास्त हवी. ह्यांनी आकडा सांगितला, मी भरला. मी गणिताची असून तपासला नाही, कारण खांबांच्या बाबतीत ह्यांच्यावर शंका घेणं मला सुचलंच नसतं.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा. हे अजून दर वर्षी पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे आणि खांबावर चढायचा पट्टा पाटावर मांडतात. या वर्षी मधोमध पंख पसरून ड्रोन बसला. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. बाहेर आले तेव्हा पूजा आटोपली होती. चारही पंखांच्या बुडाशी हळद-कुंकवाची बोटं, पाठीवर झेंडूचं फूल, आणि समोर, कपाळ म्हणून, ओल्या कुंकवाचा मोठा टिळा. ते कपाळ म्हणजे कॅमेऱ्याची काच होती.

"अहो, हा त्याचा डोळा आहे!"

"असू दे. देवाच्या बी डोळ्याले लागते."

मी पदर पुढं केला पुसायला. हे म्हणाले, "सणाचं कुंकू पुसतेत काय?" आणि माझा हात थांबला. पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की कारण आणि परिणाम यांचा संबंध आधी सिद्ध करा, मग बोला. पण दसऱ्याच्या दिवशी, नवरा समोर उभा असताना, त्यानं लावलेलं कुंकू पुसायचं? माझ्याच्यानं झालं नाही. मी फक्त फुंकर मारली. सुकलेलं थोडं उडालं. चालू करून पाहिला, चित्र जरा गुलाबी येत होतं. "चालते," हे म्हणाले. मीही म्हणाले चालतंय. वहीतल्या कुठल्याच पानावर कुंकवाबद्दल काही नव्हतं.

साडेचार-पाचला वावरात पोहोचलो. सोयाबीन निघालेलं, कपाशी पांढरी फुटलेली, तूर कमरेच्या वर. कापूस सोडून हवा पाहिली, उपग्रह आले, घर नोंदवलं. मी वर सोडला आणि सणाच्या दिवशी जरा जास्तच हुशारीत पूर्वेकडं नेला. गुलाबी देवळी बघून मला हसू फुटलं. अंतर साठ मीटर, नव्वद, एकशे वीस. "दिसते?" मी विचारत होते. "दिसते, दिसते," हे म्हणत होते.

मग परत आणायला मी त्याचं तोंड आमच्याकडं, म्हणजे पश्चिमेकडं वळवलं. समोर उतरतं ऊन. काचेवरच्या कुंकवानं ते सगळं ऊन गोळा केलं आणि पडदा लालभडक झाला. वावर नाही, विहीर नाही, क्षितिज नाही. नुसता लाल. कोपऱ्यात छोटा नकाशा होता, त्यावर बाण होता, हे मला आत्ता लिहिताना आठवतं. तेव्हा मला त्या लाल रंगाशिवाय काही म्हणजे काही दिसलं नाही.

"अहो, मले काईच दिसून नाई राह्यलं! कुठी हाय तो? तुम्ही सांगा!"

"समोरच हाय. डावीकडं घे."

मी डावीकडं घेतला. अंतराचा आकडा वाढला. एकशे चाळीस.

"अजून डावीकडं."

एकशे साठ. एकशे ऐंशी. डावीकडं टॉवरलाइन होती. एवढं मला न बघता ठाऊक होतं, आणि ह्यांना तर माझ्यापेक्षा जास्त. लाइनमन माणूस ड्रोनला तारांकडं पाठवतो कसा? मी मान वर करून चष्म्यावरून ह्यांच्याकडं बघितलं.

हे आभाळाकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. माझ्या तोंडाकडं, टक लावून, घामेजलेले.

मी दोन्ही अंगठे सोडले. मग घराचं बटण दाबलं.

"तुम्हाले दिसून नाई राह्यला न?"

ह्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आधी धुकट दिसे. मंग दूर गेला का दिसेच नाई."

"मंग इतके दिवस 'दिसते, दिसते' काऊन म्हणत होते?"

"तुह्या तोंडावरून समजे. तू हासत असली तं बरोबर चाललं हाय. कपाळाले आठी पडली का मी म्हणो, डावीकडं घे, उजवीकडं घे. तू घेतलं का तुही आठी जाये."

वर कुठंतरी तो चढत होता, मग आमच्याकडं येत होता, आणि खाली आम्ही दोघं मान वर करून उभे. मला चष्म्यातून दूरचं दिसत नव्हतं, ह्यांना तर कशातूनच नाही. एवढ्या मोकळ्या वावरात, एवढ्या उजेडात, दोन आंधळे! मला राग यायच्या आधी हसू आलं आणि हसता हसता आठवलं.

"आन् स्कूटी? स्कूटी कशी चालवत होते?"

"रस्ता पाठ हाय."

"आन् खड्डे?"

"खड्डे बी पाठ हाय."

आत्ता तासाभरापूर्वी मी त्याच स्कूटीवर मागं बसून, झेंडूची पिशवी मांडीवर घेऊन, डोळे मिटून गाणं म्हणत आले होते. मी ह्यांना तोंडाला येईल ते बोलले. लाइनमन असून, नियम लिहून, वर सही करून! खाली कोणी असतं म्हणजे? रस्त्यात कोणाचं पोर आलं असतं म्हणजे? हे ऐकून घेत होते. मग टोपी काढली आणि म्हणाले, "त्या वहीत म्याच लिहिलं न, दिसला नाई तं उडवायचा नाई. सांगतलं असतं तं डब्बा बंद. मंग बुधवार नाई, रविवार नाई. मले परत घरी बसवू नको वो."

तेवढ्यात डोक्यावर घोंघाट ऐकू आला. टॉवर ओलांडून, ह्यांनी सांगितलेल्या उंचीवरून, तो बरोबर आमच्या माथ्यावर येऊन थांबला आणि उतरू लागला. जमीन हातभर उरल्यावर मात्र गडबडला, कारण पाटावरची हळद त्याच्या पोटाखालच्या, जमीन बघणाऱ्या बारीक डोळ्यांतही भरलेली होती. डावीकडं सरकला, थबकला, आणि तुरीत जाऊन बसला. मी धावत गेले, पंख थांबू दिले, मग उचलला आणि तिथंच, सणासुदीच्या दिवशी, पदरानं घासून घासून कुंकू पुसलं. पोटाखालची हळद ह्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसली.

परत येताना स्कूटी मी चालवली. बारा वर्षांनी. पहिल्यांदा गिअर शोधत बसले, मग आठवलं की हिला गिअर नसतो. हे मागं बसून माझ्या खांद्याला धरून सांगत होते, "आता खड्डा येईन. आता आला. उजवीकडून जाय." आणि खड्डा खरंच यायचा. घरी लोक सोनं द्यायला आले होते. आपट्याची पानं देता-घेता मला मधेच हसू फुटायचं आणि ह्यांच्याकडं बघितलं की लगेच रडू यायचं.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. आधी एक डोळा, महिन्यानं दुसरा. "गाडी चालवता का?" त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आता नाही चालवत." काळा चष्मा, थेंब, धूळ नको, वाकायचं नाही. दोन महिने बुधवार आला आणि गेला. "तू जाऊन येजो एकटी," हे दर वेळी म्हणायचे. मी म्हणायचे, निरीक्षकाशिवाय नाही. मग हे ओसरीत येरझाऱ्या घालायचे. खुर्चीत बसायचे नाहीत. रात्रीच्या जेवणाला मला हळूच विचारायचे, बॅटरी पडून पडून खराब तर नाही होत?

जानेवारीत डॉक्टरांनी मोकळीक दिली, त्याच रविवारी आम्ही वावरात. तुरी कापून झाल्या होत्या, हरभऱ्याला घाटे धरले होते. काच मी घरूनच तीनदा पुसली होती. ह्यांनी कापूस सोडला, तो थोडा पूर्वेला वाहत गेला. "हवा हाय थोडी. लय दूर नको नेऊ."

मी वर सोडला. साठ मीटर. "दिसते," हे म्हणाले. माझा विश्वास बसेना. मी चष्म्यावरून बघितलं. मान वर, डोळे बारीक, बोट आभाळात. खरंच तिकडं बघत होते. शंभर. "दिसते. टाक्याच्या वरतं हाय." बरोबर होतं. मी मुद्दामच अंगठा दाबून धरला. एकशे तीस. एकशे साठ. दोनशे.

हे गप्प झाले. पडदा स्वच्छ होता, विहीर दिसत होती, सगळं ठीक होतं. मी काही विचारलं नाही. चेहरा मात्र अगदी कोरा ठेवला, जेवढा मला ठेवता येतो तेवढा, आणि वाट बघत राहिले. एक श्वास. दोन.

"नाई दिसत," हे म्हणाले.

मोठ्यानं, स्पष्ट, पलीकडच्या धुऱ्यावर ऐकू जाईल असं. जो माणूस तापानं फणफणलेला असताना "काई नाई झालं मले" म्हणत खांबावर चढायचा, तो म्हणाला, नाई दिसत. मी दोन्ही अंगठे सोडले. ड्रोन हवेत थांबला. आणि मला असं हसू आलं, असं आलं की डोळ्यांतून पाणी वाहून चष्मा भरला आणि पडदाही दिसेना.

"हासून काय राह्यली मास्तरीणबाई," हे पाय आपटत ओरडले, "मांगं घे न त्याले! मले दिसत नाई म्हणून राह्यलो न!"